पोटगी : ऋण की दया?

घटस्फोटानंतर पत्नीचा आणि मुलांचा खर्च पुरुषाने का द्यावा, याला धर्मशास्त्राचे उत्तर कठोर आहे. मिताक्षरा या टीकाग्रंथात मनूच्या नावावर एक वचन येते : वृद्ध आईबाप, साध्वी पत्नी आणि तान्हे मूल यांचे पोषण शंभर अकार्ये करूनही करावे. म्हणजे पोषण हे दान नव्हे, कर्तव्य. पण ‘साध्वी’ ही अट खटकते. मुलाला कसलीच अट नाही, पत्नीला मात्र चारित्र्याची. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५मध्येही, आणि १ जुलै २०२४पासून तिची जागा घेणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४मध्येही, व्यभिचारात राहणाऱ्या पत्नीची पोटगी नाकारली जाते; मूल औरस असो वा अनौरस, त्याचा हक्क अबाधित.

इस्लाममध्ये मेहेर आणि इद्दतीचा, म्हणजे घटस्फोटानंतरच्या प्रतीक्षाकाळाचा, खर्च ठरलेला आहे. शाहबानो खटल्यात (१९८५) सर्वोच्च न्यायालयाने कुराणातील घटस्फोटितेच्या तरतुदीचाही आधार घेतला. पुढे २००१मध्ये, इद्दतीच्या मुदतीतच घटस्फोटितेच्या पुढील आयुष्याची रास्त सोय करावी, असा अर्थ मुस्लिम महिलांविषयीच्या १९८६च्या कायद्याचा लावला गेला.

विजयदुर्गसारख्या बंदरात तत्त्वापेक्षा हिशेब अवघड. खलाशाला मिळतो तो मासळीतला वाटा, पगारपत्रक नव्हे. पावसाळी बंदीत तोही नाही. जवळच्या गिर्येच्या हापूसबागेचे पीक तर मोहरावर. महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) या खटल्यापासून दोन्ही पक्षांना मिळकत-देण्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते.