पहाणीतला शेतकरी

शेतकरी कोणाला म्हणावे, असे कुणी विचारले तर आमच्या करजगीकडचा माणूस हसेल. जो तूर पेरतो, खुरपतो, काढतो, तो शेतकरी. यात विचारायचे काय? पण हा प्रश्न आता हसण्यावारी नेण्यासारखा राहिलेला नाही, असे मला वाटते.

२४ फेब्रुवारी २०१९ रोजी केंद्र सरकारची 'प्रधानमंत्री किसान सन्मान निधी' योजना सुरू झाली. शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये, तीन हप्त्यांत, थेट बँकेत. रक्कम पुरते की नाही, यावर कट्ट्यावर पुष्कळ बोलून झाले आहे. सीमेपलीकडे अक्कलकोट तालुक्यात २०२३ पासून महाराष्ट्र सरकारचे आणखी ६,००० मिळतात, आणि इकडे कर्नाटकाने २०१९ मध्ये सुरू केलेले जोडीचे ४,००० मात्र बंद पडले, याची हळहळही करून झाली. मी अडतो तो 'सन्मान' या शब्दापाशी. मदत गरजेला असते, भरपाई नुकसानीला असते. सन्मान कशाला? कष्टाला, असेच कोणीही सांगेल. नियम मात्र सांगतो की १ फेब्रुवारी २०१९ रोजी ज्याच्या नावावर जमिनीची नोंद, तो शेतकरी. बटईने किंवा ठोक्याने दुसऱ्याची जमीन करणारा त्यात बसत नाही.

याच नियमाने आयकर भरणाराही वगळला आहे, आणि ते योग्यच झाले. पण समजा, एका शेताचा मालक पुण्याला नोकरीला आहे, आयकर भरतो. शेत गावातला एकजण बटईने करतो. मालकाला हप्ता नाही, कारण तो गरजू नाही. बटईदाराला नाही, कारण पहाणीत त्याचे नाव नाही. शेतात तूर डोलते आहे आणि सरकारदरबारी त्या शेताला शेतकरीच नाही!

हे असे का झाले, याचे उत्तर मोठे चमत्कारिक आहे. आमचा मुलूख निजामाचा. इथे १९५० चा हैदराबाद कूळ कायदा कुळांच्या संरक्षणासाठीच आला. पुढे कर्नाटकाने १ मार्च १९७४ पासून कूळपद्धत मोडीत काढली. थोडे अपवाद सोडता जमीन कुळाने लावणेच बेकायदा ठरले. हेतू उदात्त होता, अनेक घरे त्याने उभी राहिली. पण जमीन कमी आणि हात जास्त, तेव्हा बटई कशी थांबणार? ती तोंडी झाली. कुळाच्या कल्याणाच्या कायद्याने नंतरच्या कुळाचे नावच कागदावरून पुसले.

मालकाची बाजूही ऐकली पाहिजे. तो म्हणतो, "उद्या यानं कागद दाखवून जमिनीवर हक्क सांगितला तर?" ही भीती खोटी नव्हे. शिवाय हप्ता बटईदाराला मिळू लागला तर ठोक्याची रक्कम तेवढीच वाढेल, असे जाणते लोक म्हणतात. असेल. तरीही पैसा कुणाच्या खिशात जातो आणि शेतकरी म्हणून नाव कुणाचे लागते, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. घरच्या शेतात आयुष्यभर खुरपणाऱ्या बाईलाही दुसरा प्रश्न लागू आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेत स्त्रियांच्या नावची वहितीखाती सुमारे १४ टक्केच होती.

बिदरला लागून असलेल्या तेलंगणाने २०१८ च्या 'रयतु बंधू' योजनेत एकरामागे पैसे दिले. ज्याची जमीन जास्त त्याला जास्त, बटईदाराला तिथेही काही नाही. ओडिशाने 'कालिया' योजनेत भूमिहीनांचा विचार केला, हे विशेष. आंध्राने २०१९ मध्ये निराळा कायदा केला. कसणाऱ्याला ११ महिन्यांचे कार्ड, मालकी हक्काला धक्का नाही. मला हा मार्ग शहाणपणाचा वाटला होता. पण त्या कार्डासाठी मालकाची सही ठेवली होती. म्हणजे सही मागायला बटईदाराने मालकाच्याच दारात जायचे, आणि पुढच्या सालीही जमीन आपल्याकडेच राहावी म्हणून सहीचा विषय न काढताच परत यायचे.