पिसं भिजवलीस, आता ऐक

मान खाली घालून उभा राहू नकोस. वर बघ आणि नीट ऐक. हरिश्चंद्रगडावर थंडीने कुडकुडलास याबद्दल मी तुला एक अक्षर बोलणार नाही. डिसेंबरात त्या पठारावर कोणीही कुडकुडतं. मी बोलणार आहे ते तुझ्या बेफिकिरीबद्दल. मंडळाच्या वर्गणीतून घेतलेली, तुझ्याआधीच्या मुलांनी वर्षानुवर्षं जिवापाड जपलेली डाउनची स्लीपिंग बॅग तू एका रात्रीत भिजवलीस. चुलीपाशी धरून तिला भोकं पाडलीस. ओली तशीच पिशवीत कोंबून खाली आणलीस आणि आठ दिवस घरी माळ्यावर फेकून दिलीस. वर सगळ्यांना सांगत सुटलास की बॅगच बोगस आहे, तिच्यात ऊब म्हणून नाही.

अरे, ऊब कुठल्याच बॅगेत नसते! ऊब तुझ्या अंगात असते. गाढ झोपेतसुद्धा माणसाचं शरीर सत्तर-ऐंशी वॉट उष्णता सोडत असतं. ती निसटू द्यायची नाही, एवढंच अंथरुणा-पांघरुणाचं काम. आणि ते काम पिसंही स्वतः करत नाहीत. पिसांत अडकून पडलेली हवा करते. बदकाच्या किंवा हंसाच्या छातीवर, वरच्या मोठ्या पिसांच्या खाली, बिनदेठाची मऊ लव असते. तिचे बारीक तंतू चारही बाजूंना फाकलेले असतात आणि हवेला हलू देत नाहीत. तुझ्या बॅगेवर 800 हा आकडा छापला होता. त्याचा अर्थ विचारला तर गप्प बसलास. सॅकमध्ये भरून वर नेताना हा प्रश्न तुला पडायला हवा होता. जेमतेम 28 ग्रॅम लव फुलून 800 घनइंच जागा व्यापते, म्हणजे तेरा लिटर. म्हणून ती बॅग किलोभरात बसते आणि तेवढीच ऊब राखणारी सिंथेटिक बॅग त्याच्या दीड-दोनपट भरते. तू हलकेपणा तेवढा पाहिलास. तो कशाच्या जोरावर येतो ते पाहिलं नाहीस.

तो येतो फुलण्याच्या जोरावर. आणि लव भिजली की फुलत नाही. तंतू एकमेकांना चिकटतात, गोळे होतात, कप्प्याच्या एका कोपऱ्यात जाऊन बसतात. मधे उरतो नुसता नायलॉनचा दोन पदरी पापुद्रा. त्यात पाणी हे स्थिर हवेच्या वीसपटीहूनही जास्त वेगाने उष्णता ओढून नेतं. म्हणजे जी वस्तू तुझी राखण करणार होती तीच रात्रभर तुला उपसत होती.

आता ती भिजली कशी ते सांग. तू म्हणालास, "सर, दव पडलं." दव पडलं हे खरं, पण अर्धंच खरं. बाकीचं मला तुझ्याबरोबरच्या मुलांनी सांगितलं. संध्याकाळी केदारेश्वराच्या गुहेत उतरलास. कमरेएवढ्या बर्फगार पाण्यातून पिंडीला प्रदक्षिणा घातलीस. श्रद्धेने घातली असशील तर मी त्याला नावं ठेवणार नाही. पण तिथून वर आल्यावर अंग पुसायला नको? कपडे बदलायला नकोत? सॅकमध्ये कोरडा जोड होता. तो सकाळच्या फोटोसाठी राखून ठेवलास आणि ओल्या सुती चड्डीवर, ओल्या मोज्यांनिशी बॅगेत शिरलास. सुती कापड पाणी धरून ठेवतं, सोडत नाही. अंगाच्या उष्णतेने त्या पाण्याची वाफ होत राहिली आणि वाफ पिसांत शिरली. बाहेरच्या बाजूला कापड गार होतं, तिथे तिचं पुन्हा पाणी झालं. बॅग आतून भिजली, बाळा. आकाशाला बोल लावू नकोस.

मग थंडी वाजायला लागली तसं डोकं आत घेऊन चेन वरपर्यंत ओढलीस आणि तासन्‌तास आतच श्वास सोडत राहिलास. प्रत्येक श्वासातून पाणी बाहेर पडतं. थंडीच्या सकाळी तोंडातून निघणारी वाफ लहानपणापासून बघतोयस, तरी ती कुठे जाईल याचा विचार केला नाहीस. नाक-तोंड बाहेर ठेवायचं, डोक्याला कानटोपी घालायची, हे तुला पहिल्या वर्षी सांगितलं होतं.

तंबूचंही तेच. कोकणकड्याच्या काठाजवळ तंबू ठोकलास, सूर्यास्त दारातून दिसावा म्हणून. त्या कड्याखालून कोकणातली दमट हवा सरळ वर येते. 1835 साली कर्नल साइक्सने तिथून गोल इंद्रधनुष्य पाहिल्याची नोंद आहे. इंद्रवज्र म्हणतात त्याला, आणि तू ते लहान मुलांना मोठ्या ऐटीत सांगतोस. ते दिसायला समोर दरीत धुकं लागतं. तेच धुकं रात्री काठावर चढलं आणि तुझ्या तंबूत आलं. गार वारा लागतो म्हणून सगळ्या खिडक्या बंद केल्यास. तिघांच्या श्वासाची वाफ आतल्या कापडावर थेंब होऊन साचली आणि टपटप पायांवर पडली. काठापासून आत, थोड्या उंचवट्यावर, झाडांच्या आडोशाला तंबू टाकायचा आणि वरचा झरोका उघडा ठेवायचा. खोलगट जागेत गार हवा साचते, तिथे नाही. पाण्याकाठी तर नाहीच. भंडारदऱ्याच्या काठावर झोपलेल्यांना पहाटे पाणी गळणारे तंबू गुंडाळताना तू स्वतः पाहिलं आहेस.

आणि कॅरीमॅट कुठे होती? "वजन वाचवलं सर!" हे उत्तर देताना तुला अभिमान वाटत होता, त्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. पाठीखालची पिसं तुझ्या वजनाने चपटी होतात. त्यांच्यातली हवा निघून गेली की ती असून नसल्यासारखी. खालून तुला वाचवणार ती मॅटच, दुसरं काही नाही. रात्रभर कातळ तुझी ऊब पीत राहिला. आणि बॅगेवरच्या तापमानाच्या ज्या आकड्यावर तू खोटेपणाचा आळ घेतलास, तो मोजला कसा जातो ते ऐक. आयएसओ 23537 हे त्याचं प्रमाण. उष्णता मोजणारा पुतळा बॅगेत झोपवतात, त्याच्या अंगात पातळ कोरडे कपडे असतात आणि खाली मॅट असते. त्यावरून वेगवेगळे आकडे काढतात. पहिला आरामाचा, साधारण 60 किलोच्या बाईला सैल पडून झोप लागेल असा. दुसरा मर्यादेचा, 70 किलोचा पंचविशीतला पुरुष अंग मुडपून कशीबशी रात्र काढेल असा. तिसरा नुसता जीव तगण्याचा, त्यात गारठून आजारी पडण्याचा धोका धरलेलाच असतो. तू पाहिलास दुसरा. तुझं वजन पन्नासच्या आसपास, खाली मॅट नाही, अंगात ओले कपडे, पोटात बिस्किटं. मग कंपनीने काय खोटं लिहिलं?

जेवणाचं वेगळं सांगायला हवं का? झोपण्याआधी पोटभर गरम खायचं, कारण रात्रभर जळायला इंधन लागतं. टपरीवर पिठलं-भाकरी तयार होती. फोटो काढण्यात वेळ गेला आणि तुम्ही न जेवता झोपलात.

पुढचं मात्र मला माफ करता येत नाही. मध्यरात्री उठून टपरीवर गेलास. पाचनईचे मामा दिवसभर ट्रेकर्सना चहा-भाकरी करून नुकते आडवे झाले होते. त्यांना उठवून चूल पेटवायला लावलीस आणि भिजलेली बॅग जाळावर धरलीस. दहा-वीस डेनियरचं नायलॉन ते, नखाने ओढलं तरी विरतं. ठिणग्यांनी त्याची चाळण झाली. टपरीभर पिसं उडाली. शेवटी मामांनी स्वतःच्या अंगावरची घोंगडी काढून तुला दिली. तू घेतलीस. त्या म्हाताऱ्या माणसाने उरलेली रात्र चुलीपुढे बसून काढली आणि तू झोपलास.

ती घोंगडी तू आजवर नीट पाहिली तरी आहेस का? दख्खनी मेंढीच्या लोकरीची. आपल्या संगमनेर-पारनेरकडचे धनगर जी मेंढरं घेऊन पावसापाण्यात माळरानावर राहतात, त्यांची लोकर. अंगाला टोचते, दोन किलोच्या वर भरते, सॅकमध्ये मावत नाही. पण लोकरीचा तंतू स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पोटात घेतो आणि तरी ऊब सोडत नाही. म्हणून पावसात मेंढरांमागे फिरणारा माणूस तिची खोळ करून डोक्यावर घेतो. तुझी बॅग तिच्यापेक्षा भारी नाही आणि तिच्यापेक्षा हलक्या गुणाचीही नाही. दोन्हींची जात वेगळी. घोंगडी चूक पोटात घालते, डाउन घालत नाही. जून ते ऑक्टोबर सह्याद्रीत डाउन न्यायचीच नाही, हा माझा नियम आहे आणि तो बदलणार नाही. कोरड्या हिवाळ्यात खुशाल न्या, पण जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, सॅकच्या तळाशी, झोपायच्या आधी अर्धा तास बाहेर काढून फुलू देऊन. हे ज्याला जमत नाही त्याने सिंथेटिक बॅगेचं जास्तीचं वजन मुकाट्याने पाठीवर घ्यावं.

साधन नवं आहे ही सबब मला सांगू नकोस. 1922 च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच नावाच्या माणसाने फुग्याच्या कापडात आयडर बदकाची पिसं भरून कोट शिवून घेतला होता. बाकीचे लोकर आणि ट्वीड घालून होते, त्यांनी त्याची चेष्टा केली. फिंच रसायनशास्त्राचा माणूस. कापड कोणतं घ्यायचं, वारा का आत येता कामा नये, पिसं कोरडी का राहिली पाहिजेत, याचा विचार करून त्याने तो कोट घडवला आणि त्याच मोहिमेत 8,320 मीटरच्या आसपास पोचला. शंभर वर्षांपूर्वी त्याने जे डोकं चालवलं, ते तयार बॅग हातात मिळूनही तुला चालवता आलं नाही.

तुझ्या पाठोपाठ दोन लहान मुलं होती हे विसरू नकोस. तू मॅट नेली नाहीस म्हणून त्यांनीही नेली नाही. तू ओल्या कपड्यांनी झोपलास, तेही झोपले. गारठा मारतो तो बर्फातच, असा तुमचा समज आहे. शरीराच्या आतलं तापमान 35 अंशांच्या खाली गेलं की माणसाची बुद्धी चालेनाशी होते. भिजलेलं अंग आणि वारा असला की बाहेर दहा-बारा अंश असतानाही ते घडतं. 2023 च्या ऑगस्टमध्ये याच गडाच्या वाटेवर पुण्याचा एक गट धुक्यात भरकटला, पावसात रात्र काढावी लागली आणि त्यातला एक जण दगावला. ऑगस्टमध्ये, आपल्या जिल्ह्यात. हे तुला माहीत होतं. तरी तू त्या दोघांना विचारलं नाहीस की बाबांनो, पाय सुकलेत का.

आणि आता तू उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या बेसिक कोर्सचा फॉर्म घेऊन माझ्याकडे शिफारस मागायला आलास. 1965 पासून तिथे माणसं घडतात. तिथल्या हिमनदीवर चूल पेटवायला आणि घोंगडी द्यायला मामा नसतात. तुझे पाय दमदार आहेत, कातळावर तुझा हात पक्का आहे, हे मी कुणालाही सांगेन. पण मी सही करतो ती पायांसाठी करत नाही. दोरीच्या दुसऱ्या टोकाला जो बांधलेला असेल त्याच्यासाठी करतो.

म्हणून आधी हे कर. येत्या शनिवारी राजूरमार्गे पाचनईला जा. घोंगडी अजून तुझ्या घरी आहे हे मला मामांच्या मुलाकडून कळलं, तुझ्याकडून नाही. उन्हात घालून, झटकून, घडी करून ती त्यांच्या हातात दे. पैसे देऊ नकोस, त्यांना राग येईल. दिवसभर थांब, पाण्याचे हंडे वर ने आणि तुम्ही तंबूपाशी टाकून आलेली बिस्किटांची पाकिटं वेचून खाली आण. ते अभयारण्य आहे, 1986 पासून. तुमची उकिरड्याची जागा नाही.

रविवारी सकाळी बॅग घेऊन माझ्या घरी ये. कपड्यांची पावडर आणू नकोस, तिने पिसांवरचं नैसर्गिक तेल निघून जातं. सौम्य साबण माझ्याकडे आहे. टबात दाबून दाबून धुवायची, पिळायची नाही. उचलताना दोन्ही हात खालून घालायचे, नाहीतर ओल्या पिसांच्या भाराने आतले पडदे फाटतात. मग बाजेवर जुनी साडी अंथरून वाऱ्याला, सावलीत. तीन-चार दिवस लागतील. रोज दोनदा येऊन एकेक कप्पा बोटांनी चाचपायचा आणि प्रत्येक गोळा फोडायचा. भोकांना सुई लावायची नाही, सुईच्या छिद्रांतूनच पिसं गळतात. चिकटपट्टी मी मागवली आहे. पुरी सुकली की मोठ्या सुती पिशवीत सैल भरून मंडळाच्या कपाटात टांगायची. त्या दोन लहान मुलांनाही बोलावून घे. त्यांना हे सगळं तू शिकवायचंस, मी बाजूला बसून ऐकेन.

फॉर्मवर सही त्यानंतर. शेवटची तारीख कधी आहे ते मला सांगू नकोस, तुझं तू बघ.