खोडव्याच्या मुळाशी

ऊस मेळाव्यांत अलीकडे एक वाक्य हमखास ऐकू येते: "हवेतला कर्ब सगळ्यांत जास्त ऊस खेचतो, मग त्याचे पैसे ऊसकऱ्याला का नकोत?" टाळ्या पडतात. वाळवा-कराड पट्ट्यात तर पडणारच. इथेनॉल आणि बगॅसवरची वीज यांमुळे ऊस आता ऊर्जेचेही पीक झाला आहे, हे तिथे कुणाला सांगावे लागत नाही.

पण खेचलेला कर्ब वेगळा आणि मुरलेला कर्ब वेगळा. उसातला कर्ब कारखान्याच्या गव्हाणीत पडतो आणि साखर, इथेनॉल, धूर होऊन थोड्याच काळात हवेत परततो. इथेनॉलमुळे वाचलेल्या पेट्रोलचा हिशेब निराळा. मातीच्या खात्यावर जमा होते ते शेतात राहिलेलेच: पाचट, बुडखे, मुळे.

ते खाते फार हळू भरते. एकराच्या वरच्या वीतभर थरात साधारण 10 लाख किलो माती असते. सेंद्रिय कर्ब 0.1 टक्क्याने वाढवायचा, तर 1000 किलो कर्ब मुरवावा लागतो. एकरी 3-4 टन पाचटात कर्ब दीड टनाच्या आसपास. त्यातला बहुतेक जिवाणू खाऊन हवेत सोडतात. दहावा हिस्सा टिकला असे धरले, तर वर्षाला 150 किलो. म्हणजे सहा-सात वर्षे, तेही जुना कर्ब झिजला नाही तर. काळ्या रानाच्या मालकाला हे पटत नाही; त्याला रंगाचा भरवसा असतो. पण कृष्णाकाठची काळी माती कर्बाने काळी झालेली नाही, तिच्यातही तो अनेकदा अर्ध्या टक्क्याखाली सापडतो.

तरी पाचट जाळले जाते. त्याला काडी लावणारा शेतकरी अडाणी नसतो. वाढे जनावरांना जाते, उरलेल्या पाचटाने सरी तुंबते, पाणी पुढे सरकत नाही, उंदीर माजतात. फलटणजवळच्या पाडेगाव ऊस संशोधन केंद्राची शिफारस साधी आहे: बुडखे जमिनीलगत छाटा, पाचट सरीत दाबा, वर युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू टाका. पण त्या आठवड्यात मजूर मिळत नाही, काडेपेटी मिळते.

म्हणून बॉयलरवाला पुढे येतो: जाळताच आहात, तर पाचट आमच्या बॉयलरला द्या. त्याला पाचट हा कचरा वाटतो, हे चीड आणणारे आहे. तरी कल्पना जुनी आहे आणि फलटणचीच आहे. 1968 साली स्थापन झालेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गेल्या शतकाच्या अखेरीस उसाच्या पाचटावर चालणारा गॅसिफायर उभा केला होता. त्यातून उष्णता मिळते आणि कोळशाची पूडही उरते. असा कोळसा मातीत गेला, तर पाचटापेक्षा कितीतरी अधिक वर्षे टिकतो. बॉयलरवाल्याच्या राखेत मात्र कर्ब फारच थोडा उरतो.

तर पाचट विकू नये, असा निकाल द्यायचा? इथेच अडचण येते. मुळांतून आलेला कर्ब वरून पडलेल्या पाचटापेक्षा जास्त टिकतो, असे मृदाशास्त्रज्ञांना वारंवार आढळले आहे. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर कित्येक वर्षे हेच शेतकऱ्याच्या भाषेत सांगत आहेत: नांगर थांबवा, बुडखे आणि मुळे जागच्या जागी कुजू द्या. ब्राझीलमधल्या उसाचा 2014 सालचा अभ्यासही त्याला पूरक आहे. तिथे आधीच नांगरट होत असलेल्या रानात ऊस आला, तेव्हा कर्ब वाढला; कुरण फोडून लावला, तेव्हा घटला. सांगली-साताऱ्यात ऊस जातीने बहुवार्षिक असला, तरी लागण आणि एखादा खोडवा झाला की रान उलथेपालथे होते. दर दोन-तीन वर्षांनी आपण आपलेच कुरण फोडतो.

मग बॉयलरवाल्याशी तडजोड होऊ शकते. निम्मे पाचट त्याने न्यावे; पण त्या रानात खोडवा चार-पाच वर्षे टिकवलेला असावा आणि नांगर लागलेला नसावा. उत्पादन घटेल, नांग्या भराव्या लागतील, हुमणीवर नजर ठेवावी लागेल. कर्बाचे पैसे द्यायचेच असतील, तर ते उसाच्या टनावर न देता अशा न नांगरलेल्या वर्षांवर द्यावेत. त्यासाठी नवी यंत्रणाही उभारायला नको: कोणत्या गटात लागण आणि कोणत्या गटात खोडवा, याची नोंद कारखान्यांचे शेतकी विभाग दर हंगामाला ठेवतातच.