अडखळलेले नाव



नोव्हेंबर महिन्यात आपण आपल्या माणसांच्या कबरी साफ करतो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो, मिस्सासाठी नावे देतो. पण एखादे नाव लिहिताना आपला हात अडखळतो काय?

मिन जिन ली यांची ‘पाचिंको’ ही कादंबरी २०१७ साली प्रसिद्ध झाली. कोरियातून जपानमध्ये गेलेल्या एका कुटुंबाच्या चार पिढ्यांची ती कथा आहे. लग्नाआधी गरोदर राहिलेल्या सुंजाला इसाक हा तरुण पाळक पत्नी म्हणून स्वीकारतो आणि तिच्या बाळाला आपले नाव देतो. आपल्याला संत योसेफाची आठवण यावी, असाच हा प्रसंग. पुढे तुरुंगवासाने खंगून इसाक मरण पावतो. सुंजा रस्त्यावर किमची विकून नोआ आणि मोझासू या मुलांना वाढवते. आपला जन्मदाता गुंडांच्या टोळीतला आहे हे कळताच नोआ लाजेने घर सोडतो. तो नाव बदलून राहतो. सोळा वर्षांनी आई त्याला शोधून काढते, आणि त्या भेटीनंतर तो स्वतःचे जीवन संपवतो.

शेवटी, १९८९ साली, म्हातारी सुंजा इसाकच्या कबरीवर जाते. तिथला राखणदार तिला सांगतो, की नोआ या कबरीवर येत असे. आईला वाटले होते, मुलाने सारेच टाकले. पण ज्याने नाव दिले, त्या बापाला तो विसरला नव्हता. सुंजा हातांनी माती उकरते, दोन्ही मुलांचे फोटो तिथे पुरते आणि घरी परतते.

आपल्याही घरांत असे एखादे नाव असते. आत्महत्या, व्यसन, घरातून निघून जाणे... ‘लोक काय म्हणतील’ म्हणून आपण ते उच्चारत नाही. मग मुलांच्या वाट्याला वारसा म्हणून आपले मौनच येते. १९९२ सालच्या धर्मशिक्षण ग्रंथात ख्रिस्तसभेने सांगितले आहे, की ज्यांनी आपले जीवन संपवले त्यांच्या तारणाविषयी निराश होऊ नये. ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते. मग आपण का थांबावे?

लाझरसच्या कबरीपाशी प्रभू येशू रडला. रडण्याची लाज त्याला वाटली नाही. या आठवड्यात रात्रीच्या रोझरीला ते अडखळलेले नाव आपण मोठ्याने घेऊ या, मुलाबाळांच्या देखत. जखम लगेच भरणार नाही. पण ती एकट्याने वाहावी लागणार नाही.

प्रभू आपल्या सर्व मृतांना चिरशांती देवो. आमेन.