अंगण खरंच वाकडं असेल तर?

जळोचीतल्या घराचा ओटा, संध्याकाळची वेळ. आबांनी बारामतीच्या एमआयडीसीत फिटर म्हणून उमेदीची वर्षं घालवली. नात अकरावीत आहे आणि दहा मीटर एअर पिस्तूल खेळते. तिच्या मांडीवर रिकामं पिस्तूल आहे. डब्यातून निघालं तसंच, एक स्क्रूही न बदललेलं. उसाचं बिल जमा झालंय. वडील सकाळी एवढंच म्हणाले, "काय करायचं ते ठरव, मग सांग."

नात : आबा, तुम्हीच सांगा. नवं घ्यावं, का ह्यालाच सुधारावं, का आहे तसं चालवावं?

आबा : नेम कुणामुळं चुकतो? तुझ्यामुळं का ह्याच्यामुळं?

नात : तेच कळत नाही.

आबा : मग खर्च कशाला? नाचता येईना...

नात : ...अंगण वाकडं. पाठ आहे मला. पण आबा, एखाद्या वेळी अंगण खरंच वाकडं असेल तर? ही म्हण तोंडावर फेकणाऱ्यांपैकी कुणी अंगणाला कधी लेव्हल लावून बघितलीय?

आबा : हे बरोबर बोललीस. चल, लेव्हल लावू. रेंजवर सरांनी पिस्तूल व्हाइसमध्ये धरून मारून बघितलं होतं ना?

नात : हो. दहा छर्रे दहा मिलिमीटरच्या आत पडले.

आबा : आणि तुझ्या हातानं?

नात : चाळीस.

आबा : दहा गुणांचं वर्तुळ केवढं असतं?

नात : व्यास ११.५ मिलिमीटर.

आबा : म्हणजे ह्याला एकट्याला सोडलं तर हे दहा सोडत नाही! आता तुझ्या चाळिसात ह्याचे दहा आधीच मिसळलेत. ते काढले तर उरले किती?

नात : तीस.

आबा : चुकलीस. दोन चुका एकमेकींना विचारून होत नाहीत. एक डावीकडं जाते तेव्हा दुसरी उजवीकडंही जाईल. त्यामुळं त्यांची सरळ बेरीज होत नाही, काटकोन त्रिकोणासारखी होते. कर्ण चाळीस, एक बाजू दहा. दुसरी?

नात : (मोबाइलवर बघून) ३८.७. एवढीच?

आबा : एवढीच. जगातलं बिनचूक पिस्तूल आणलंस तरी चाळिसाचे पावणेएकोणचाळीस होणार. लाखाच्या वर मोजून सव्वा मिलिमीटर. तुझी स्वतःची चूक दहावर आली, की मग ह्याचे दहा सलायला लागतील. तेव्हा नळीचं बोलू.

नात : पटलं. पण अर्धंच. व्हाइसला बोटं असतात का?

आबा : म्हणजे?

नात : व्हाइस चाप ओढत नाही. नियम म्हणतो, चाप निदान ५०० ग्रॅमला सुटला पाहिजे, त्याहून हलका नको. माझा कितीतरी जड आहे, आणि रोज वेगळ्या जागी सुटल्यासारखा वाटतो. मूठ कुणाच्या तरी मोठ्या हातासाठी बनवलीय, करंगळी लोंबकळते. दर वेळी पकड थोडी निराळी बसते. तुम्ही ते ३८.७ माझ्या नावावर मांडले. त्यातले माझे किती आणि ह्या मुठीचे किती?

(आबा थोडा वेळ गप्प.)

आबा : एक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला माझे जॉब नापास व्हायचे. मी लेथला दोष द्यायचो, फोरमन मला. लेथ तपासला, बरोबर निघाला. डोळे तपासले, तेही बरोबर. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं माझ्या पायाखाली चार इंचाची फळी टाकली. टेबल मला उंच पडत होतं, त्यामुळं व्हर्नियर तिरका वाचत होतो.

नात : मग चूक कुणाची?

आबा : तेच कधी ठरलं नाही. यंत्रही निर्दोष, माणूसही. चूक दोघांच्या मधे होती.

नात : मग माझी करंगळी तिथंच आहे. मधे.

आबा : हां. आणि व्हाइस ते मधलं मोजतच नाही, हे मला सुचलं नव्हतं.

नात : पण पॅरिसच्या ऑलिंपिकनंतर सगळे म्हणत होते, तो तुर्कस्तानचा युसुफ डिकेच साधा चष्मा घालून आला आणि रौप्य घेऊन गेला, साधनांत काही नसतं.

आबा : त्याच्या डोळ्यांवर खास काही नव्हतं. हातात काय होतं?

नात : स्पर्धेचंच पिस्तूल.

आबा : बघ. लोकांनी चष्मा बघितला, मूठ बघितली नाही.

नात : उलटंही आहे ना. मनू भाकरकडं उत्तम पिस्तूल होतं. टोकियोत पात्रता फेरीतच ते बिघडलं, वेळ गेला, ५७५ गुण झाले आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. पुढं २०२४ ला पॅरिसमध्ये तिनं दोन कांस्यं घेतली.

आबा : म्हणजे उंची साधन घेतलं की त्याची काळजीही विकत घ्यावी लागते. बरं, आता खरं सांग. ही करंगळी तुला आजच का आठवली?

नात : (हळू आवाजात) बालेवाडीच्या रेंजवर शेजारच्या लेनमधल्या मुलीकडं परदेशी पिस्तूल होतं. तिनं पेटी उघडली आणि मला माझी उघडायची लाज वाटली.

आबा : लाज वाटणं चूक नाही. फक्त लाजेचा खर्च करंगळीच्या खात्यावर टाकू नकोस.

नात : मग करू काय?

आबा : जे परत फिरवता येतं ते आधी. चापाचा स्क्रू सरांसमोर फिरव, नियमाच्या आत. नाही जमलं तर उलटा फिरवता येतो. पण एका वेळी एकच बदल, आणि वहीत तारीख.

नात : आणि तीन महिन्यांत गुण वाढले, तर ते स्क्रूमुळं का सरावामुळं, हे कसं कळायचं?

आबा : एक दिवस स्क्रू पूर्वीच्या जागी नेऊन बघायचं. म्हणून तर म्हणतो, परत येता येईल अशा वाटेनं जा.

नात : आणि मूठ?

(आबा आत जाऊन कानस घेऊन येतात. मुठीवर टेकवतात. थांबतात.)

आबा : नको. लाकूड घासलं की परत येत नाही.

(कानस ओट्यावर ठेवून ते सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापतात आणि मुठीच्या खालच्या बाजूला गुंडाळतात. नात नळी कुंपणाच्या भिंतीकडं वळवून पकड घेते. सोडते. पुन्हा घेते. दोन्ही वेळा करंगळी त्याच जागी बसते.)

आबा : स्पर्धेला ही पट्टी चालेल का, सरांना विचार. आत्ता नुसतं माप घ्यायचंय.

नात : बाबांना काय सांगू?

आबा : सांग, अंगण मोजतेय अजून.