किंख्रियाची फिबी

शास्त्रवाचन : रोमकरांस पत्र १६:१-१६



रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय उपदेशासाठी क्वचितच घेतला जातो. वाचन त्या अध्यायापर्यंत आले की वाचणारा नावांवर अडखळतो आणि ऐकणारे चुळबुळ करू लागतात. विश्वासाने नीतिमान ठरणे, देवाची कृपा, इस्राएलाचे भवितव्य ही मोठी प्रकरणे आधीच होऊन गेली. आता केवळ सलाम उरले, अशी आपली समजूत. परंतु त्या सलामांच्याही आधी, पहिल्याच ओळीत, एक स्त्री उभी आहे. तिच्याविषयी सबंध शास्त्रात दोनच वचने आहेत. ती दोन वचने आज आपण नीट पाहू.

करिंथला दोन बंदरे होती. पूर्वेकडचे, आशियाच्या बाजूने येणाऱ्या गलबतांचे, ते किंख्रिया. खलाशी, हमाल, व्यापारी व गुलाम यांनी गजबजलेले ते ठिकाण. तेथे प्रभूची एक मंडळी होती आणि फिबी तिची 'दियाकोनस' होती. आपल्या मराठी शास्त्रात येथे 'सेविका' असे आहे, व ते चूक नाही. पण हा शब्द ऐकताच आपल्या मनासमोर सतरंज्या घालणारी बाई येत असेल, तर थोडे थांबावे. हाच ग्रीक शब्द पौल स्वतःला व अपुल्लोसाला लावतो (१ करिंथ ३:५). फिलिप्पैकरांस पत्राच्या आरंभी मंडळीच्या अध्यक्षांबरोबर ज्यांचा उल्लेख येतो, त्यांनाही हाच शब्द आहे. इंग्रजीतील १६११ सालच्या जुन्या भाषांतरात फिलिप्पैच्या पुरुषांसाठी हुद्द्याचा शब्द घातला आणि फिबीसाठी मात्र नोकराचा. मूळ शब्द एकच, हे शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी लक्षात ठेवावे.

दुसऱ्या वचनात पौल तिला 'प्रोस्तातिस' म्हणतो. आपण वाचतो की तिने पुष्कळांना, आणि पौलालाही, साहाय्य केले. साहाय्य म्हणजे पाणी आणून देणे एवढेच नव्हे. रोमी जगात धनवान माणूस इतरांना आश्रय देई, आपल्या घरी उतरवी, अधिकाऱ्यांपुढे त्यांच्यासाठी शब्द टाकी. अशा आश्रयदात्यासाठी हा शब्द होता, व स्त्रियाही असे आश्रय देत. १९५४ साली करिंथजवळ एक कोरीव शिळा सापडली. तिच्यावर पहिल्या शतकातील युनिया थिओदोरा नावाच्या स्त्रीचा गौरव आहे. लुकियाहून येणाऱ्या लोकांना ती करिंथ येथे आपल्या घरी ठेवून घेई व त्यांची कामे करून देई. तिच्या या आश्रयासाठी शिळेवर जो शब्द आहे, तो फिबीच्या शब्दाचाच सख्खा भाऊ. शहर तेच, शतकही तेच!

रोमी कायदा स्त्रीला कसा वागवी? तिला मताचा हक्क नव्हता, सरकारी हुद्दा मिळत नव्हता. बाप हयात असेपर्यंत कन्या, लग्नानंतरही बहुधा, त्याच्याच सत्तेखाली. बाप गेल्यावर महत्त्वाच्या व्यवहाराला पालकाची संमती लागे. अगस्त कैसराच्या कायद्याने तीन मुले झालेल्या स्वतंत्र स्त्रीची या पालकत्वातून सुटका झाली. गुलामीतून मुक्त झालेलीला त्यासाठी चार मुले लागत. तरीही मालमत्ता स्त्रीच्या नावे असू शकत असे आणि पैसा तिच्या हाती खेळे. पाँपेई येथे युमाखिया नावाच्या स्त्रीने भर चौकात मोठी इमारत बांधली. म्हणजे समाज तिचा पैसा घेत होता, पुतळा उभारीत होता, मत मात्र देत नव्हता. आपल्यालाही हे फार परके वाटू नये. आपल्या भगिनी वर्गणी गोळा करतात, शब्बाथ शाळा चालवितात, आजाऱ्यांकडे जातात. आणि पंचांच्या बैठकीत? तेथे त्या चहा घेऊन येतात.

आता पौलाने काय केले ते पाहा. हे पत्र त्याने इ. स. ५७ च्या सुमारास करिंथ येथे लिहविले. सरकारी टपाल फक्त सरकारी कामासाठी असे. खाजगी पत्र माणसाबरोबरच पाठवावे लागे. फिबीची शिफारस ज्या रीतीने केली आहे, तीवरून हे पत्र तिनेच रोमला नेले असे बहुतेक टीकाकार मानतात. सुमारे ७००० ग्रीक शब्दांचे हस्तलिखित! आगस्तीन, लूथर व वेस्ली यांची अंतःकरणे ज्या पत्राने हलली, ते कधीकाळी एका स्त्रीच्या सामानात बांधलेले होते. (संपूर्ण पवित्र शास्त्र मूळ भाषांतून मराठीत आणण्याचे काम पंडिता रमाबाईंनी केले, व ते मुक्ती मिशनच्या छापखान्यात छापले गेले, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.)

पुढील यादीत प्रिस्क, मरीया, युनिया, त्रुफैना, त्रुफोसा, पर्सिस, युलिया, रूफाची आई व निरियाची बहीण आहेत. त्यांपैकी चौघींविषयी पौल 'श्रम केले' असे म्हणतो. आपल्या स्वतःच्या प्रेषितीय श्रमांसाठी तो हेच क्रियापद वापरतो (१ करिंथ १५:१०). या यादीतील एकाही पुरुषाला ते लावलेले नाही.

काही बंधू विचारतील, मग करिंथकरांस पहिल्या पत्राचा चौदावा अध्याय व तीमथ्याचा दुसरा अध्याय काय करावा? प्रश्न रास्त आहे. ती वचने कोणी खोडून टाकू नयेत. पण करिंथकरांसच्याच अकराव्या अध्यायात पौल प्रार्थना करणाऱ्या व संदेश देणाऱ्या स्त्रियांविषयी लिहितो. मस्तक आच्छादावे एवढेच तेथे सांगतो, गप्प राहा म्हणत नाही. जो उपदेशक चौदावा अध्याय वाचतो आणि अकरावा सोडतो, त्याने अर्धाच पौल वाचला, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोष्ट शिक्षकांना वर्गात सांगता येईल. इ. स. ११२ च्या सुमारास बिथुनियाचा सुभेदार प्लिनी याने त्राजान कैसराला ख्रिस्ती लोकांविषयी पत्र लिहिले. या लोकांचे खरे काय आहे हे कळावे म्हणून त्याने दोन दासींना यातना देऊन चौकशी केली. त्यांचे लोक त्यांना मंडळीच्या सेविका म्हणत, असे तो लिहितो. मंडळीची माहिती हवी तर कोणाला धरावे, हे त्या मूर्तिपूजक अधिकाऱ्याला ठाऊक होते. त्या दोघींकडून त्याला एकही अपराध काढता आला नाही. त्यांची नावे मात्र त्याने लिहिली नाहीत.