काटकसर कोणाच्या जिवावर?

एका देवस्थान समितीच्या बैठकीस आम्ही मध्यंतरी सल्लागार म्हणून उपस्थित होतो. श्रावणात बेळगावाकडील भाविकांना चोर्ला घाटाने आणणाऱ्या मोटारीस नवे टायर घालावयाचे होते. खजिनदारांचे म्हणणे, पैसा देवाचा. तेव्हा स्वस्त आणि कमी इंधन खाणारे टायर घ्यावेत. एक वृद्ध महाजन एवढेच म्हणाले, "घाट पावसात उतरावयाचा आहे."

आम्हांस दोघांचेही म्हणणे धर्माचेच वाटले, आणि अडचण तीच आहे. चाक फिरते तसे टायरचे रबर चेपते व पुन्हा उसळते. चेपण्यात गेलेली शक्ती पुरती परत येत नाही. काही अंश उष्णता होऊन जातो आणि तो इंधनाने भरून काढावा लागतो. परंतु शक्ती गिळण्याचा हाच गुण, चाक ओल्या रस्त्यावर घसरू लागले म्हणजे रबरास रस्ता धरून ठेवण्यास उपयोगी पडतो. एक वाचवावे तर दुसरे जावे, असा हा पेच. १९९२ साली मिशेलिन कंपनीने रबरातील काजळीच्या जागी बव्हंशी सिलिका घालून तो पुष्कळसा सोडविला. युरोपात नोव्हेंबर २०१२ पासून मोटारीच्या नव्या टायरची इंधनबचतीची व ओल्या रस्त्यावरील पकडीची प्रत शेजारी-शेजारी दर्शविणे सक्तीचे आहे. दोन्हींत चांगला टायर मिळतो. फक्त तो बहुधा महाग पडतो.

येथे एक चमत्कारिक गोष्ट सांगण्याजोगी आहे. टायर झिजतो तसा तो अधिक हलका फिरू लागतो. म्हणजे केवळ इंधनाची वही पाहिली, तर गुळगुळीत होत आलेला टायरच सर्वांत काटकसरी! पण त्याच्या उथळ खाचांतून पाणी बाहेर पडत नाही आणि वेगात चाक पाण्यावर तरंगू लागते. मोटारीच्या टायरची खाच १.६ मिलिमीटर असली की आपला कायदा समाधान मानतो. आमचा सारा व्यवसायच कायद्याचा. तरीही विश्वस्ताने तेवढ्यावर समाधान मानावे, असे आम्ही म्हणणार नाही.

स्वतःच्या पंगतीत कोणी काटकसर करावी. उपाशी राहील तो तोच. येथे बचत देवस्थानच्या जमेस पडते, आणि चूक झाली तर ती फेडील आत बसलेली एखादी माउली, किंवा वळणावर छत्री धरून उभा असलेला वाटसरू. त्यास आमच्या ठरावाची वार्ताही नाही. त्याची संमती कोणी घेतली?

आम्ही सल्ला दिला तो असा: प्रथम ओल्या रस्त्यावरील पकड पाहावी, तीत उतरलेल्या टायरांतून कमी इंधन खाणारा निवडावा. आणि हवा नियमाने तपासावी, कारण ती कमी असली म्हणजे इंधनही जाते व टायरही.

खजिनदारांनी चष्मा पुसला आणि किंमत पुन्हा विचारली. विषय पुढील बैठकीवर गेला आहे.